बेरीज नसलेला पिंजरा

निलंग्याच्या शाळेत मी गणित शिकवतो आणि एका दैनिकासाठी किलर सुडोकू रचतो. त्यात तुटक रेषांचे पिंजरे असतात, प्रत्येकावर आतल्या आकड्यांची बेरीज, आणि एका पिंजऱ्यात तोच आकडा दुसऱ्यांदा येत नाही. मला नवा प्रकार सुचला. एका पिंजऱ्यावर बेरीज लिहायचीच नाही, सोडवणाऱ्यानं ती शोधायची. आम्ही घरात तिघं, मी, बायको अयोध्या आणि मुलगी साक्षी. म्हणून तो पिंजरा तीन चौकोनांचा आखला.

उत्तर एकच निघत होतं, दहादा तपासलं होतं. साक्षीनं सोमवारी सोडवलं तर त्या पिंजऱ्याची बेरीज आठ आली. मंगळवारी तेच कोडं, सात. बुधवारी सहा. चूक कुठंच नव्हती.

"पप्पा, उद्या पाच येतील?"

"येड्यावानी बोलू नको. एक, दोन, तीन झाले की सहा. त्याच्याखाली जातच न्हाई."

आज सकाळी पाहिलं तर त्या पिंजऱ्यात दोनच चौकोन होते. त्यांत आकडे दोन आणि तीन, बेरीज पाच. कागदावर खाडाखोड नव्हती.

"तिसरा चौकोन कुठं गेला?" मी विचारलं.

साक्षीनं मान वर केली नाही. "आई, ह्यात पहिल्यापासनं दोनच होते ना?"

"हाव," अयोध्या म्हणाली, आणि तिनं चहाचे दोन कप आणून ठेवले, एक साक्षीपुढं, एक स्वतःपुढं.