हरळीच्या ढेपा

अमरावतीला साहेबाच्या बंगल्यापुढचा लव्हाळा आणि गोखरू बायांनी मुळासकट खणून काढला होता. आता तिथे नवी हरळी लावायची होती. पण आणायची कुठून? कापसाला भाव आल्यापासून दोन वर्षांत बायांच्या गावाचं गायरानसुद्धा नांगरलं गेलं होतं; बांधाला बांध लागून पऱ्हाटीच. नांगर शिरला नव्हता तो एकाच जागी, नाल्याकाठच्या पडीत. दात न आलेली लेकरं गाव तिथे पुरत असे.

मुकादम खुशालरावांनी गाडी तिथेच उभी केली. बाया थबकल्या.

"वरची चार बोटं काढाची हाय फक्त," ते म्हणाले. "खाली कोनी हात नाही लावून राहिलं."

"याचं लेकरू असतं इथं, तं गाडी दुसरीकडं थांबली असती," तानुबाई पुटपुटली.

जयवंता पुढे गेली आणि बोरीपाशी तिचे पाय आपोआप थांबले. गेल्या आषाढातली माती आता दिसतही नव्हती. वर हरळी चढली होती, दाट, लुसलुशीत. गणपतीच्या दूर्वांसाठीसुद्धा तिनं इथलं पातं कधी खुडलं नव्हतं.

"हा तुकडा पहिले घे वं, जयवंते. चांगला हाय."

"तेवढा राहू द्या ना, मामा."

"काहून?"

तानुबाईनंच सांगितलं, "तिची पोरगी हाय तिथं."

खुशालरावांनी पागोटं मागे सरकवलं. "मंग दुसरीले सांगतो," ते म्हणाले.

"नोको," जयवंता म्हणाली. "मीच काढते."

साय काढावी तसं तिनं खुरपं आडवं सरकवून मुळं-मातीसकट हरळीची ढेप उचलली. बाकी ढेपा गाडीत पडल्या. ती ढेप तिनं ओटीत घेतली आणि कोसभर चालत बंगल्यावर नेली. कडुनिंबाखालच्या कोपऱ्यात बसवली, तळव्यानं दाबली, ओंजळीनं पाणी घातलं.

"याच्यावर पाय कधी पडन?"

"पंधरा-ईस दिवस तं माळी कोनालेच येऊ देत नाही," खुशालराव म्हणाले. "मुळं धरली का मंग साहेबाची लेकरं खेळतीन."

"लहान हायेत?"

"धाकटी तं आत्ताच चालाले लागली."

जयवंता पुन्हा खाली वाकली. ढेपेतून एक टोकदार खडा वर आला होता. तो तिनं बोटानं उकरून काढला. मग शेजारच्या ढेपांवरूनही ती सावकाश हात फिरवू लागली.