बारीक ब्रश

आल्प्सवरचं ते बशीएवढं रोप सुप्रभाने ग्लासगोच्या पावसापासून सात वर्षं जपलं होतं. सांगलीहून आई दर रविवारी फोनवर विचारायची, "आलं का गं फूल?" यंदाच्या वसंतात पानंही दिसेनात इतकं ते फुललं आणि प्रदर्शनात पहिलं आलं. कुंडीपुढे पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड लागताच सुप्रभा नवऱ्याकडे वळली. "अहो, माझा मोबाइल द्या. आईला कळवते." श्रीकांतने खिशावरचा हात काढला नाही. "आई काल रात्री गेल्या," तो म्हणाला. "तुझ्या दादाचा फोन आला होता. अंत्यविधीला तू पोचेपर्यंत थांबायचं का, विचारत होता. मी नको म्हटलं. तुझी एवढ्या वर्षांची मेहनत वाया गेली असती." सुप्रभाच्या मुठीत फुलांवरची धूळ झटकायचा बारीक ब्रश तसाच होता. "सकाळी हा ब्रश फिरवताना मी गुणगुणत होते," ती म्हणाली. "तुम्ही कुंडी धरून ऐकत होतात."