खिशातली चेन

संपानंतर गिरणी बंदच राहिली, तेव्हा कोंडीराम आणि शेजारच्या भिवाने धंद्यासाठी सायकलींना इंजिनं बसवली. कोंडीरामने नवंकोरं इंजिन निवडलं, भिवाने भंगारातलं. तरी परळचा पूल भिवाचीच सायकल चढायची, तीही मागे बायको कौसल्याला बसवून. कोंडीरामच्या पोटात दुखायचं.

एका दुपारी त्याने भिवाच्या इंजिनाची चेन गुपचूप काढून खिशात घातली आणि मजा बघायला चाळीच्या दारात उभा राहिला.

भिवाने इंजिन सुरू केलं. कौसल्या मागे बसली. सायकल नेहमीसारखीच निघाली.

"भिवा, अरे तुझी चेन..." कोंडीरामच्या तोंडून निघून गेलं.

"राहू दे तुझ्याकडंच," भिवा मागे न बघता म्हणाला.

कोंडीरामने खिशात हात घालून चेन घट्ट आवळली.

तिकडे लांब, पुलावर इंजिनाने जोर धरला, आणि त्याच्या मुठीत चेन सरकू लागली.