थोरला, धाकटा आणि लिफ्टवाली

नवी बॅटरी तिने एका हाताने उचलली आणि सासऱ्यांच्या नाकासमोर धरली.

“बघा बाबा! जुन्या काढताना आपल्या दोघांच्या कमरा मोडल्या. ही म्हणजे नुसती भाजीची पिशवी.”

“हलकी वस्तू मला पटत नाही,” म्हातारा म्हणाला.

त्याला काहीच पटत नाही. कुणी अगदी उत्तम काम केलं, तर तो “वाईट नाही” म्हणतो, आणि तेही वर्षातून एखाद्या वेळी.

सून लिफ्ट दुरुस्त करते. शहरातली माणसं तिच्या भरवशावर वीस-वीस मजले वर-खाली करतात. पण गेले चार रविवार तिने या लहानशा मासेमारीच्या बोटीत घातले. तलावात एक बुडालेलं झाड आहे. मासा लागतो तो तिथेच. वाऱ्यात बोट त्या जागी उभी ठेवायला म्हातारा दोन धोंडे दोराने पाण्यात सोडायचा. पुढच्या धोंड्याला तो थोरला म्हणायचा, मागच्याला धाकटा. ते दिवसातून दहा-वीसदा वर ओढून ओढून त्याचा उजवा खांदा कामातून गेला. आता धोंड्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि मुलाने बोटीला गिऱ्हाईक बघितलं. ते आज चारला येणार होतं.

“त्याआधी धोंडा न टाकता बोट झाडावर उभी करून दाखव,” मुलगा बायकोला म्हणाला होता. “मी गिऱ्हाइकाला परत पाठवतो.”

बोटीच्या नाकावरची जुनी मोटर नुसती पुढे ढकलायची. तिने बसवलेली ही नवी दुप्पट ताकदीची आणि चांगली जड. बटण दाबलं की आपली जागा ओळखून, स्वतःच वळत-फिरत बोटीला तिथल्या तिथे धरून ठेवणारी.

तीन वाजता सासरा-सून झाडावर पोचले. तिने बटण दाबलं. मोटर गुणगुणली, बोट थांबली. आणि पहिलीच वाऱ्याची झुळूक आली तशी बोटीने नाक पाण्यात खुपसलं, शेपूट वर केलं आणि गरगर फिरायला लागली. म्हाताऱ्याचा गळ मोटरीत अडकता अडकता वाचला.

“बोट आहे का भोवरा?”

तिने वायरी तपासल्या. नव्या, जाड, एकेक सांधा घट्ट. बॅटऱ्या भरलेल्या. स्क्रू जागच्या जागी. कुठे म्हणून चूक नाही! धक्क्यावर मुलगा कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हातारा गळाची दोरी गुंडाळायला लागला, म्हणजे समजावं, त्याने मनातल्या मनात बोट देऊन टाकली.

ती मागच्या कप्प्यातल्या बॅटऱ्या बघायला शेपटाकडे जाऊन बसली. बोट शांत झाली. ती उठली. बोट पुन्हा फिरली.

तिने कपाळावर हात मारून घेतला.

“बाबा, मी गाढव आहे! लिफ्ट वर जाते ती दुसऱ्या टोकाच्या वजनाच्या जोरावर. रोज तेच वजन मोजते, आणि घरच्या बोटीत विसरले. पुढे जड मोटर बसवली, मागचं जुन्या बॅटऱ्यांचं वजन काढून घेतलं. बोट बिचारी करणार काय?”

“मग तूच बस मागे.”

“आज बसेन. उद्यापासून तुम्ही एकटे येणार ना? तीसेक किलो हवेत. आता इतक्यात वाळूची पोती कुठून आणू?”

म्हातारा धक्क्याकडे बघत राहिला.

“थोरला अठरा,” तो म्हणाला, “धाकटा बारा.”

धोंडे धक्क्यावरच पडले होते. बोट लागताच म्हातारा सवयीने वाकला, तशी सून ओरडली, “खबरदार हात लावलात तर!” मुलाने ते उचलून आणले. दोन खेपांत त्याला धाप लागली.

“बाबा, हे तुम्ही रोज ओढत होतात?”

“आणि तेसुद्धा चिखलासकट.”

सुनेने धोंडे बॅटऱ्यांशेजारी ठेवले आणि पट्ट्याने असे आवळले, की लिफ्ट तपासणारा आला असता तरी मान डोलावून गेला असता.

पुन्हा झाड. पुन्हा बटण. या वेळी ती मुद्दाम मधोमध बसली. वारा आला. नाक जरासं झुकलं, वर आलं, आणि बोट उभी राहिली. उभी म्हणजे उभी! पाणी बाजूने सरकत होतं, लाटा आदळत होत्या, बोट तसूभर हलत नव्हती. म्हाताऱ्याने गळ टाकला. दोन्ही हात मोकळे. खांदा शांत. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

“फार सुंदर काम केलंस, पोरी,” तो म्हणाला.

ती “वाईट नाही”ची वाट बघत होती. ती उगाच वायर चाचपत राहिली.

धक्क्यावर एक माणूस आला होता. मुलाने त्याच्याशी हात मिळवला, काहीतरी सांगितलं, आणि तो आल्या पावली परत गेला.

उन्हं कलल्यावर निघायचं ठरलं. म्हातारा उठला, कडेवरून वाकला आणि दोरासाठी हात खाली घातला. दोर नव्हताच. हात तसाच पाण्यावर राहिला. मग तो हसला आणि मागे वळून त्याने धोंड्यांकडे बघितलं.

“बसा लेको,” तो म्हणाला. “चाळीस वर्षं मी तुम्हाला सांभाळलं. आता तुमची पाळी.”