वळणावरची जागा

“हे रीळ आहे की कॉफी दळायची चक्की?”

साहेबांनी दातांच्या डॉक्टरांची गळाची नवी कोरी काठी उलटीसुलटी करून पाहिली आणि मेलेला उंदीर द्यावा तशी दोन बोटांनी परत दिली. “आत चार चाकं, बाहेर ब्रेक. मग माणसाची गरजच काय? घरी झोपा, मासा पत्ता विचारत येईल.”

नदीकाठी जमलेली मासेमारी मंडळाची सात माणसं हसली. हसावंच लागे. कुणाची काठी बोजड, कुणाच्या दोऱ्याला शिशाचे मणी जास्त, कुणाचं बूच पाण्यात पुढाऱ्यासारखं नुसतंच डुलतं, हे मंडळात साहेब ठरवत. वजनमापं खात्यात तीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तराजूत खोट काढली. निवृत्त झाल्यावर माणसांत काढू लागले, एवढाच फरक.

त्यांचं स्वतःचं रीळ म्हणजे आसावर फिरणारं एक पितळी चाक. बाकी काही नाही. फेकताना चाक मोकळं सुटतं, दोरा धावत जातो, आणि बूच पाण्याला टेकताक्षणी चाकाच्या कडेवर अंगठा दाबून ते थांबवायचं. घाई केली तर बूच अलीकडेच पडतं. उशीर झाला तर चाक फिरत राहतं आणि दोऱ्याचा गुंता होतो. सगळी मदार अंगठ्याला काय कळतं यावर.

आज साहेबांचीच परीक्षा होती. वळणावर पाणी मंदावतं, मासा थांबतो. तिथली जागा मंडळात एकाचीच, सध्या साहेबांची. ज्याची जागा त्याने दर वर्षी तीस पावलांवर तरंगणाऱ्या रबरी कड्यात बूच टाकून दाखवायचं. तीन फेकींत जमलं नाही तर उठायचं. नियम साहेबांनीच केला होता, आणि तोही पोस्टमनला उठवायला. बावीस वर्षं ती जागा पोस्टमनची होती आणि त्याचा हात नुकताच थरथरू लागला होता. तिसरी फेक चुकल्यावर तो वाऱ्याबद्दल काहीतरी पुटपुटला, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, “नाचता येईना, अंगण वाकडं!”

पोस्टमन आजही आला होता. मागे, झाडाला टेकून उभा होता.

नोंदीची वही साहेबांच्या सूनबाईकडे होती. तिने थर्मासमधला चहा स्टीलच्या पेल्यांत ओतला. “बाबा, कडकडीत आहे. जरा थांबा.”

साहेबांनी पेला सरळ हातात धरला. डॉक्टरांनी आपला घाईघाईने खाली ठेवला आणि बोटं झटकली.

“लोण्याची बोटं,” साहेब म्हणाले आणि घोट घेतला.

पहिली फेक. चाक सुटलं आणि अर्ध्या वाटेत करकचून थांबलं. बूच कड्याच्या बरंच अलीकडे पडलं.

“बूच हलकं आहे,” साहेब म्हणाले. “हल्ली बुचाच्या नावाखाली काय वाट्टेल ते विकतात.” त्यांनी बूच बदललं, शिशाचे दोन मणी वाढवले. मणी तीनदा हातातून पडले. कुणी उचलून द्यायला वाकलं नाही, कारण वाकणाऱ्याला काय ऐकावं लागलं असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरी फेक. बूच पाण्याला टेकलं तरी चाक फिरतच राहिलं. अंगठा कडेवर होता, पण नुसता ठेवलेला. बघता बघता दोऱ्याचं घरटं झालं.

पडू देत एकदाचे तोंडावर, असं सूनबाईच्या मनात आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

“दोराच भिकार!” साहेबांनी सगळ्यांकडे पाठ केली, दोरा अंगठ्याला दोन वेढे देऊन हिसडला, पुन्हा हिसडला. सूनबाई चमकली. दोरा अंगठ्याला गुंडाळायचा नाही, हा त्यांचाच पहिला धडा. तो विसरली म्हणून त्यांनी तिला तीन महिने काठीला हात लावू दिला नव्हता.

“बाबा, हात बघू जरा.”

“तू वही बघ.”

गुंता सुटला. तिसरी फेक. काठी वळली, चाक सुटलं. साहेबांनी अंगठा कधी दाबला ते त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं; अंदाजपंचे दाहोदरसे. बूच कड्याच्या बरोबर मध्ये पडलं आणि ताठ उभं राहिलं.

साहेब सावकाश वळले. चेहऱ्यावर तेच, तराजूत खोट सापडल्यावरचं हसू.

“लिही,” ते सुनेला म्हणाले. “आणि तुम्ही बघा. नीट बघा सगळ्यांनी.” त्यांनी उजवा अंगठा उंच धरला. “याला अंगठा म्हणतात. हा दुकानात मिळत नाही.”

सगळे बघतच होते. पेराच्या खाली दोऱ्याने अंगठा खोलवर चिरला होता. रक्त मनगटावरून बाहीत उतरत होतं. पितळी चाकाची कड लाल झाली होती. साहेबांनी अंगठा तसाच, सगळ्यांना दिसेल असा, डावीकडून उजवीकडे फिरवला.

सूनबाईच्या हातातली पेन्सिल थांबली. डॉक्टरांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग त्या स्टीलच्या पेल्याकडे.

झाडापासून पोस्टमन पुढे आला. थरथरत्या हाताने त्याने खिशातून रुमाल काढला आणि साहेबांपुढे धरला.

साहेबांनी एकदा रुमालाकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

“हा कशाला?” ते म्हणाले. “इथे रडतंय कोण?”