पोरीवरचा पहारा

आत्याने न्हाणीघराच्या दाराची कडी उखडली, तेव्हा भाची शेजारी उभी राहून निघालेले स्क्रू तळहातावर गोळा करत होती.

"चार झाले," ती म्हणाली. "आता दार लागणारच नाही."

"नकोच लागायला. मी बाहेर खुर्ची टाकून बसणार आहे."

"मग मधूनमधून खोकत राहा. म्हणजे मला कळेल, तू आहेस."

आत्याला हसू आलं नाही. सोळा वर्षांच्या पोरीच्या दप्तरात 'मला आता जगायचं नाही' एवढं एकच वाक्य लिहिलेली चिठ्ठी सापडल्यावर हसायचं तरी कसं? वर्गशिक्षिकेने शाळेतून फोन केला होता. पोरीचा बाप, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, चष्म्याचं दुकान उघडं टाकून तसाच धावत गेला. संध्याकाळी त्याने आत्याला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन दारात हजर झाली.

आत्याची तीस वर्षं इस्पितळात गेली होती. माणूस वॉर्डात शिरला की त्याच्या चालण्यावरून ती ओळखायची, हा किती खचलाय. सोबतच्या सिस्टर तिला त्यावरून चिडवायच्या, पण अडल्यानडल्याला तिलाच विचारायच्या.

इथे तर ओळखण्यासारखंही काही नव्हतं. पोरीची आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात तिघांची दोघं उरली होती आणि दोघंही बोलायची विसरली होती. दोन महिन्यांपूर्वी भावाने सहज फोन केल्यासारखं करून विचारलं होतं, "ताई, वेळ पडली तर पोरीला सांभाळशील ना?" तेव्हा आत्या त्याला ओरडली होती, काहीतरी अभद्र बोलू नकोस म्हणून. आता तिला वाटलं, बापाच्या मनाला आधीच कुणकुण लागली असणार.

पहारा सुरू झाला. रात्री आत्या भाचीच्या खोलीत झोपायची. सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत बापानेच सोडायला यायचं आणि सुट्टीच्या वेळी फाटकाशी बापानेच उभं राहायचं, असा पोरीचा हट्ट होता. जेवणाचंही तेच.

"बाबा बसले तरच मी बसेन."

"अगं, त्याला भूक नाहीये."

"मग मलाही नाहीये."

भाऊ निमूटपणे पान घेऊन बसायचा. तो एक घास घ्यायचा, मग ती एक घास घ्यायची. पोरगी बापाच्या ताटाकडे टक लावून बघायची. एवढी मोठी मुलगी, पण लहान बाळासारखी बापाला चिकटली होती. एकदा बाप दुकानातून अर्धा तास उशिरा आला, तर हिने रस्त्यापर्यंत अनवाणी धाव घेतली.

एका दुपारी धारदार वस्तू हलवताना आत्याने भावाचं कपाट उघडलं. आत सगळं कसं जिथल्या तिथे. घराची कागदपत्रं वेगळ्या पाकिटात, पोरीच्या शाळेची वेगळ्या, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात नाव. खालच्या खणात चष्म्याची तीन नवी घरं होती, आत तयार चष्मे. प्रत्येकावर पोरीचं नाव आणि एक नंबर, आत्ताच्या नंबराहून चढता.

"तिचा नंबर दरवर्षी वाढतो ना," संध्याकाळी भाऊ म्हणाला. "वेळ होता, काचा घासून ठेवल्या."

बाप असावा तर असा, आत्याच्या मनात आलं. आणि अशा बापाच्या पोरीला मरावंसं वाटावं.

तीन महिने असे गेले. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई दर आठवड्याला भाचीशी तासभर बोलायच्या. शेवटी त्यांनी आत्याला आत बोलावून घेतलं. मुलगी छान सावरली आहे, म्हणाल्या, आता पहारा सैल करा, एकटीला जाऊ-येऊ द्या.

आत्याने घरी येऊन चहा ठेवला आणि दोघांच्या देखत ही बातमी दिली. भावाने कप खाली ठेवला. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला तिला दिसला.

"खरंच? नक्की म्हणाल्या त्या?"

"नक्की. जिवाचा घोर मिटला बघ तुझ्या."

"मिटला," तो म्हणाला. "आणि ताई, तू इथेच राहशील ना आता? हिलाही तुझी सवय झालीय."

"राहीन की. मला कोण बसलंय तिकडे?"

भाऊ हसला. पोरगी हसली नाही. तिचा चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ती एकटी शाळेत गेली आणि एकटीच परत आली. वाळलेले कपडे घेऊन आत्या खोलीत शिरली, तर भाची टेबलाशी बसून लिहीत होती. आत्याने तिच्या खांद्यावरून पाहिलं. 'मला जमत नाहीये. कोणी रागावू नका.'

कपडे आत्याच्या हातून गळून पडले. तिने पेन ओढून घेतलं.

"डॉक्टरांपुढे खोटं बोललीस?"

"त्यांच्यापुढे खरं बोलले," पोरगी शांतपणे म्हणाली. "खोटं इथे लिहितेय."

"आणि दप्तरातली चिठ्ठी?"

"तीपण खोटीच."

आत्याचा हात उठला. तो तसाच हवेत राहिला, मग पोरीच्या डोक्यावर येऊन टेकला. "अगं, मग कशासाठी हे सगळं?"

"बाबांची खरी चिठ्ठी वाचली म्हणून. दुकानात, नंबरांच्या वहीत होती. वाचली, होती तशीच परत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी माझी लिहिली." पोरीने हात पुढे केला. "पेन दे, आत्या. मी बरी झाले, की ते जातील."