सतरा नंबरची भिंत

"सोळा," म्हणत गिरणीच्या दत्तोपंत कारकुनांनी वहीत खूण केली आणि पुढच्या झोपडीकडे पाहिलं. भिंत ओल्या शेणाने नीट सारवलेली, उंबऱ्याशी रांगोळी. नंबर मात्र कुठेच नव्हता.

"सतरा कुठं आहे, बाई?"

"हेच की जी सतरा," देवकी दारातून म्हणाली.

गिरणीच्या कामगारांसाठी नवी चाळ बांधून झाली होती; ज्या झोपडीवर नंबर, तिलाच खोली मिळणार होती. खोल्या वाटण्याआधी गिरणीचा इंग्रज साहेब वस्ती पाहायला येणार होता. खेड्यावरून आलेली माणसं घाणीत राहतात असं त्याने म्हणू नये, म्हणून देवकीने पहाटेच भिंतीसकट सगळं घर सारवून काढलं. महिन्यापूर्वी मोजणीवाल्याने गेरूने काढलेला आकडाही त्यात गेला. वहीत लिहून नेला म्हणजे झालं, भिंतीवर आणखी कशाला, असं तिला वाटलं.

"वहीत नुसते नंबर आहेत, नावं नाहीत," दत्तोपंत कपाळ पुसत म्हणाले. "मोजणीनंतर या गल्लीत सात झोपड्या नव्या उठल्या. आत्ताच तिघांनी सांगितलं, सतरा आमचाच."

"या गोपिकाबाईले इचारा ना."

शेजारची गोपिका आपल्या बिननंबरच्या दारात उभी होती. देवकीची नजर चुकवून तिने मान खाली घातली आणि ती दत्तोपंतांना म्हणाली,

"मागच्या पावसात जुन्या झोपडीत नाल्याचं पानी चुलीत शिरलं, बाबूजी. लेकरू डोक्यावर घेऊन उभी होती मी."

"खरं असेल, बाई. पण मी कोणाकोणाचं ऐकू?" दत्तोपंत थकून गेले होते. "पुढच्या मोजणीत बघू." आणि ते पुढे सरकले. "अठरा."

देवकी नखांनी भिंत खरवडू लागली. ओलं शेण निघालं, त्याबरोबर गेरूही निघाला. हाताला नुसता लाल चिखल लागला. मग तिने ती जागा पुन्हा लिंपून टाकली.

भोंगा झाला. तिचा नवरा नत्थू गिरणीतून आला, केसांत कापसाचे तंतू, पाय ओढत. दारात थांबून तो भिंतीकडे पाहत राहिला. आज कितीतरी दिवसांनी तो हसला.

"वा वं! गावच्या घरावानी केलं तू," तो म्हणाला. "पक्क्या खोलीतही असंच सारवजो."

देवकीने नखांत गेरू राहिलेले हात पदराखाली घेतले.